शिडाच्या नौकेचे शिक्षण : हिशेब सागरी मैलांचा

ब्रिटनमध्ये स्वतःची खासगी शिडाची नौका समुद्रात नेण्यासाठी कायद्याने परवाना लागत नाही. तरीही तेथील हौशी दर्यावर्दी स्वखुशीने प्रशिक्षण घेतात. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉयल यॉटिंग असोसिएशन’ या संस्थेचा अभ्यासक्रम आज अनेक देशांतील मान्यताप्राप्त केंद्रांत शिकविला जातो. लेखी गुणांपेक्षा समुद्रावर काढलेले दिवस, कापलेले मैल आणि रात्रीचे तास यांना त्यात अधिक मोल आहे.

पहिली महत्त्वाची पायरी ‘कॉम्पिटंट क्रू’. पाच दिवसांच्या या शिक्षणासाठी पूर्वानुभव लागत नाही. शिडे चढविणे-उतरविणे, दोरांच्या गाठी, सुकाणू धरणे आणि पाण्यात पडलेल्या माणसाला परत वर घेणे हे येथे शिकविले जाते. यातील शेवटचा धडा जिवाशी निगडित आहे. ताशी सहा सागरी मैल वेगाने जाणारी नौका एका मिनिटात सुमारे १८५ मीटर पुढे जाते आणि लाटांत तरंगणारे डोके तेवढ्या अंतरावरून क्वचितच दिसते. म्हणूनच हा सराव पुनःपुन्हा करून घेतला जातो.

पुढील ‘डे स्किपर’ अभ्यासक्रमात नौकेची जबाबदारी प्रथमच शिकाऊ व्यक्तीवर येते. परिचित पाण्यात, दिवसाउजेडी नौका सुखरूप नेण्याइतके कौशल्य येथे अपेक्षित असते. त्याच्या प्रात्यक्षिकाला येण्यापूर्वी पाच दिवसांचा, १०० सागरी मैलांचा आणि रात्रीच्या चार तासांचा अनुभव असावा लागतो. नकाशावाचन, हवामान आणि भरती-ओहोटीचे गणित यांचे वर्ग स्वतंत्रपणे भरतात.

‘यॉटमास्टर ऑफशोअर’ परीक्षेस बसण्यासाठी मात्र ५० दिवस आणि २,५०० सागरी मैलांचा अनुभव लागतो. त्यातील किमान पाच दिवस नौकेचे प्रमुखपद सांभाळलेले असावे लागते. रेडिओ व प्रथमोपचाराची प्रमाणपत्रेही आवश्यक असतात. एकट्या उमेदवाराची परीक्षा आठ ते बारा तास चालते.

प्रशिक्षण कोठे घेतले, यालाही महत्त्व आहे. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अल्प असल्याने तेथील ‘डे स्किपर’ प्रमाणपत्रावर तशी नोंद केली जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या भरतीच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक बदलते. येथे नौका हाकू इच्छिणाऱ्याने हे गणित शिकलेच पाहिजे.

भारतात ‘यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया’ ही या खेळाची राष्ट्रीय संघटना आहे. मुले साधारणतः ‘ऑप्टिमिस्ट’ या एकट्याने चालवायच्या छोट्या होडीपासून सुरुवात करतात. मुंबईत पावसाळ्याचे महिने टाळून, ऑक्टोबर ते मे हा काळ शिकण्यास सोयीचा ठरतो. समुद्रावर एकट्याने टिकण्याचा आदर्श आपल्याकडेही आहे. नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टींची खात्री करून घ्यावी : केंद्राला मान्यता कोणाची आहे, प्रशिक्षकाची पात्रता काय आहे आणि प्रत्यक्ष सुकाणू किती तास हाती मिळणार आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक फेरीची तारीख, अंतर आणि रात्रीचे तास नोंदवहीत लिहून प्रमुखाची सही घ्यावी. पुढच्या प्रत्येक पायरीवर ही वही उपयोगी पडते.