हातभर जागेचा इतिहास

राजांच्या लढाया बखरीत येतात. घरापुढल्या ओट्याची लढाई कोणी लिहून ठेवीत नाही. वास्तविक गावाचे रूप ठरते ते या दुसऱ्या लढाईने.

नीरेकाठचे भोर ही पंतसचिवांची राजधानी. शंकराजी नारायणांच्या घराण्याचे हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्य गेले, परंतु जुन्या वस्तीतली घराला घर लावून बांधण्याची रीत राहिली. त्या काळी जागेचा कायदा म्हणजे वहिवाट: वळचणीचे पाणी कोणी कोठे सोडावे, भिंत कोणाची, वाट कोणाची. पेशवाईत पुण्यासारख्या शहरी घरांचे व रस्त्यांचे तंटे कोतवालापुढे जात. लहान गावी चार वडीलधारी मंडळी ते मिटवीत.

मोजपट्टी आली ती रोगराईच्या धाकाने. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि कोंदट चाळींकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ साली तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. खोलीत उजेड पोचावा म्हणून त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. म्हणजे समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी जागा मधे मोकळी हवी. पुढे १९१५, १९५४ आणि १९६६ चे नगररचनेचे कायदे झाले. २०२० च्या डिसेंबरात मुंबईसारखी काही ठिकाणे वगळून साऱ्या राज्याला एकच नियमावली लागू झाली.

तिचा एक नियम दाट वस्तीसाठी आहे. साडेचार मीटरांहून अरुंद बोळात नवे घर बांधणाऱ्याने मध्यरेषेपासून इतके मागे सरावे, की बोळ पुढेमागे साडेचार मीटरांचा व्हावा. हेतू रास्त आहे. आगीचा बंब आत गेला पाहिजे. पण हिशेब करून पाहा. बोळ आठ फुटी असेल, तर प्रत्येक घराने सव्वातीन फुटांहून अधिक सोडावयाचे. वीस फूट खोलीच्या घराचा तो सहावा हिस्सा! त्यात तीन भावांची वाटणी झालेली असली, तर बांधणार काय? मग घरधनी जुन्याच भिंतीला टेकू देतो, पत्रा बदलतो आणि आणखी एक पावसाळा काढतो. बोळ रुंद होत नाही, भिंत मात्र खचत जाते.

वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याच्या मुलखात, गाठ उलटी पडते. तेथे जमीन ऐसपैस, पण तुकडा लहान नको म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा. २०२३ साली प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस वीस गुंठे व बागायतीस दहा गुंठे असे ठरले. गुंठा म्हणजे तेहतीस फूट चौरस. ज्याला घरापुरते दोन गुंठे हवेत, त्याने काय करावे? कायद्याने दार लावले की व्यवहार खिडकीतून होतो: साध्या कागदावर, विश्वासावर. असली बांधकामे नियमित करण्यास २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदतही पुढे न्यावी लागली.

नियम नसावेत असे कोण म्हणेल? प्लेग विसरण्याजोगा नाही. परंतु मुंबईच्या चाळीवरून शिकलेले माप मावळातल्या ओट्याला लावताना आधी तो ओटा मोजावा, त्यावर बसणाऱ्या म्हातारीला विचारावे, आणि तिने सोडलेल्या जागेचा मोबदला तिच्या हयातीत द्यावा. गावे सुधारावयाची तर एवढा शिष्टाचार सरकारने पाळावयास हवा.