गोळ्यावरून तोफ

देवळाली कॅम्प आणि भगूरच्या लोकांना तोफांचा आवाज नवा नाही. तिथल्या तोफखाना स्कूलच्या रेंजवर दरवर्षी 'तोपची' सराव होतो. त्यात हल्ली एक गाडी अशी असते, जिच्यातून काहीच उडत नाही. ट्रकवर उभारलेला सपाट चौकोनी अँटेना, बस्स. हे 'स्वाती', शत्रूची तोफ हुडकणारं रडार.

ही हुडकाहुडकी जुनी. पहिल्या महायुद्धात नोबेलविजेता लॉरेन्स ब्रॅग मायक्रोफोन ओळीने मांडून, आवाज कुठे आधी पोचला नि कुठे उशिरा यावरून जर्मन तोफांच्या जागा काढायचा. वारा फिरला की गणित बिघडायचं.

रडार मात्र जन्माला आलं ते विमानांसाठी. 1935 मध्ये इंग्लंडमधल्या डेव्हेंट्रीजवळ वॉटसन-वॉट आणि विल्किन्स या शास्त्रज्ञांनी रेडिओलहरी विमानावर आपटून परततात हे दाखवलं, आणि ब्रिटनच्या किनाऱ्यावर मनोऱ्यांची साखळी उभी राहिली. पण त्या लहरी दहा-बारा मीटर लांबीच्या. त्यांना विमान दिसे. वीतभर जाडीचा गोळा कुठला दिसायला! लहरीच्या मानाने वस्तू फार लहान असली की प्रतिध्वनी जवळपास येतच नाही. ही कोंडी फुटली फेब्रुवारी 1940 मध्ये, बर्मिंगहॅम विद्यापीठात. रँडॉल आणि बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात पोकळ्या कोरून मॅग्नेट्रॉन बनवला, त्यातून 9.8 सेंटिमीटरच्या लहरी निघाल्या, त्याही सुमारे 400 वॅट ताकदीच्या. (घरच्या मायक्रोवेव्हमध्ये बसलेला असतो तो याचाच वंशज.)

मग युद्धातच ध्यानात आलं की विमानवेधी तोफांना नेम दाखवणाऱ्या रडारला उखळी तोफांचे गोळेही दिसतात. पायदळाची पुष्कळ माणसं तर याच गोळ्यांनी मरत होती. पुढची युक्ती शाळकरी भूमितीतली: चढत्या गोळ्याला दोन जागी पकडा, त्याची वक्ररेषा मागे जमिनीपर्यंत न्या, तिथे तोफ. उखळीचा गोळा उंच आणि संथ जातो म्हणून हे जमतं. लांब पल्ल्याच्या तोफेचा गोळा सपाट आणि वेगाने येतो. डोंगरात तो कड्याआडून उशिरा दिसतो, शिवाय तोफ किती उंचीवर बसवली आहे हे कळल्याशिवाय रेषा कुठे थांबवायची तेच ठरत नाही.

1999 मध्ये कारगिलच्या युद्धात अशा तोफा हुडकणारं रडार नसणंच आपल्याला भोवलं. पाकिस्तानकडे तशी अमेरिकी टीपीक्यू-36 रडारं होती. आपल्याकडे उखळी तोफांपुरती ब्रिटिश सिंबेलिन. आदल्या वर्षीच्या अणुचाचण्यांमुळे निर्बंध लागलेले, त्यामुळे अमेरिकेचं दार बंद. ते उघडल्यावर टीपीक्यू-37 चा सौदा झाला. इकडे बंगळूरच्या एलआरडीई या संरक्षण-संशोधन संस्थेने 'आकाश' क्षेपणास्त्राच्या 'राजेंद्र' रडारवरून स्वाती घडवलं. संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी ते लष्कराच्या हाती दिलं मार्च 2017 मध्ये. कारगिलनंतर 18 वर्षांनी! काम किचकट होतं हे कबूल, पण शत्रू एवढी सवड देत नसतो.

स्वाती साधारण 30 किलोमीटरवरच्या तोफेचा ठाव घेतं, रॉकेटचा 40 पर्यंत, आणि आपले गोळे नेमके कुठे पडताहेत तेही सांगतं.

पण असं रडार समोरच्याकडेही असतं. म्हणून तोफेला एकाच जागी ठाण मांडून मारा करणं परवडेनासं झालं. नोव्हेंबर 2018 मध्ये देवळालीतच लष्करात दाखल झालेली के-9 वज्र तोफ रणगाड्यासारखी पट्ट्यांवर पळते, त्यामागे हेही कारण आहे: गोळे टाकायचे आणि उत्तर यायच्या आत जागा सोडायची.