स्वातंत्र्य आणि शासनसत्ता : शहापूर-मुरबाड परिसराचा ऐतिहासिक अनुभव

प्रस्तावना

स्वातंत्र्य म्हणजे शासनसत्तेच्या हस्तक्षेपाचा अभाव, ही कल्पना राज्यशास्त्रात दीर्घकाळ रूढ आहे. जर्मनीच्या इतिहासाने मात्र हा प्रश्न इतका सरळ नसल्याचे दाखविले. 1919 च्या वायमार राज्यघटनेतील कलम 48 अन्वये राष्ट्राध्यक्षास आणीबाणीत नागरी हक्क स्थगित करता येत होते. 28 फेब्रुवारी 1933 रोजी त्याच कलमाच्या आधारे ते स्थगित झाले. या अनुभवानंतर 1949 च्या मूलभूत कायद्याच्या पहिल्याच कलमात मानवी प्रतिष्ठेचा आदर व संरक्षण हे राज्यसत्तेचे कर्तव्य ठरविण्यात आले. ज्या सत्तेचे भय बाळगावयाचे, तिच्याकडूनच संरक्षणही मागावयाचे, असा हा पेच होय. ठाणे जिल्ह्यातील उंबरमाळीपासून सिद्धगडापर्यंतच्या डोंगराळ मुलखातील महादेव कोळी, ठाकूर, कातकरी व वारली समाजांनी हाच पेच निराळ्या स्वरूपात अनुभवला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

सरकार आणि सावकार

या भागातील शेतकऱ्यास ब्रिटिश सत्तेची प्रत्यक्ष ओळख झाली ती वनखात्याच्या रूपाने. भाताच्या रोपासाठी झाडांच्या फांद्या व पालापाचोळा जमिनीवर जाळून राब करण्याची येथील जुनी पद्धत होती. 1878 च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांची व्याप्ती वाढली आणि राबासाठी टहाळ तोडणे हा तंट्याचा विषय झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींची चौकशी करण्यासाठी सरकारला 1885 मध्ये आयोग नेमावा लागला, यावरून असंतोषाची तीव्रता ध्यानात येते.

दुसरी सत्ता सावकाराची होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी आयुष्यभर मालकाच्या शेतावर राबणाऱ्यास ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ म्हणत. 1936 च्या आदेशाने शहापूर तालुका ‘अंशतः वर्जित’ क्षेत्रात समाविष्ट झाला. अशा क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीवर डी. सिमिंग्टन यांनी 1939 मध्ये सादर केलेल्या अहवालात सावकार, जमीनदार व जंगल ठेकेदार यांच्याकडून होणाऱ्या शोषणाची नोंद आहे. सरकारच्याच अधिकाऱ्याने हे मान्य केले, तरी वेठ थांबली नाही. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. त्यानंतर उंबरगाव-डहाणू भागात गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा जो लढा उभा राहिला, त्याचा पहिला आघात वेठ व लग्नगडी या प्रथांवरच झाला.

सिद्धगडाचा वारसा

1942 च्या आंदोलनात माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला. दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. 2 जानेवारी 1943 रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल व हिराजी पाटील हुतात्मा झाले. याच कोतवालांनी पूर्वी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडविण्यासाठी धान्यकोठ्या सुरू केल्या होत्या. परकीय सत्तेविरुद्धचा लढा आणि सावकारीविरुद्धचा प्रयत्न ही त्यांच्या दृष्टीने दोन भिन्न कार्ये नव्हती.

एक विसंगती

स्वातंत्र्यानंतरची एक घटना या दृष्टीने विचारणीय आहे. 25 जून 1975 रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली. 27 जूनच्या आदेशाने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्गही बंद झाला. त्याच राजवटीत वेठबिगारी नष्ट करणारा वटहुकूम निघाला. 1976 मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले आणि 25 ऑक्टोबर 1975 पासून वेठबिगार मुक्त व त्याचे कर्ज रद्द समजण्यात आले. शहरातील सुशिक्षिताचे स्वातंत्र्य हिरावले जात असता लग्नगड्याचे स्वातंत्र्य कागदावर मान्य झाले. यावरून आणीबाणीचे समर्थन करणे चुकीचे ठरेल, कारण कागदावरील मुक्ती प्रत्यक्षात आणण्यासाठी संघटनेचे व निर्भय तक्रारीचे स्वातंत्र्य लागतेच. ठाणे जिल्ह्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने 1980 नंतरच्या दशकात वेठबिगारांच्या मुक्तीसाठी जो संघर्ष केला, तो लोकशाही हक्क पूर्ववत झाल्यानंतरचा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

शब्दाला मिळालेले मोल

2006 च्या वनहक्क कायद्याने वननिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे मान्य केले. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी कसत असलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरच्या मर्यादेत हक्क देण्याची तरतूद त्यात आहे. दाव्यांची छाननी ग्रामसभेपासून सुरू होते आणि पुराव्यांत गावातील वृद्धांचे लेखी निवेदनही ग्राह्य धरले जाते. ज्या मुलखात वनरक्षकाच्या नोंदीपुढे खातेदाराचे म्हणणे दुबळे पडत असे, तेथे आजोबांच्या आठवणीला पुराव्याचे स्थान मिळाले. अंमलबजावणीतील दिरंगाई व नामंजूर दाव्यांची संख्या यांबद्दलची नाराजी रास्त आहे. परंतु ही नाराजी दाव्याच्या, अपिलाच्या व मोर्चाच्या रूपाने व्यक्त होते, हा बदल लहान नाही.

निष्कर्ष

‘मायबाप सरकार’ या शब्दप्रयोगावरून येथील समाज सत्तेपुढे नम्र होता, असा समज होतो. इतिहास त्यास दुजोरा देत नाही. राबाचा तंटा, सिद्धगडाचे बलिदान, वेठीविरुद्धचा लढा व वनहक्काचे दावे यांतून दिसते ते असे की, या समाजाने सरकार नको असे म्हटले नाही, तर सावकाराच्या व वनरक्षकाच्या बाजूने उभे राहणारे सरकार नाकारले. जर्मन जनतेने राज्यसत्तेला मर्यादा घालून तिला संरक्षक बनविण्याचा जो धडा हुकूमशाही व युद्धाच्या विनाशानंतर घेतला, तोच या डोंगरातील माणसाने वेठीच्या अनुभवातून घेतला. त्याच्या मुक्तीची नोंद आता कायद्यात आहे. ती सातबाऱ्यावर किती उतरते, यावरच त्याच्या स्वातंत्र्याचे मोजमाप होईल.