भूशास्त्राच्या पदवीतून भूतांत्रिक क्षेत्राकडे

खडक आणि माती कशी घडली, हे भूशास्त्र सांगते. ती किती भार पेलेल, हे भूतांत्रिक अभियांत्रिकी आकड्यांत मांडते. आधुनिक मृदायांत्रिकीचे जनक कार्ल टेर्झागी हे शिक्षणाने यांत्रिकी अभियंते. भूशास्त्राच्या व्यासंगाची जोड लाभल्यावर १९२५ मध्ये त्यांचा पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या दोन विद्यांची सांगड किती निकडीची असते, हे कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्याने दाखवून दिले. तेथील ढिसूळ, पाणी धरणाऱ्या मातीने खोदकाम दीर्घकाळ रखडवले. वर जांभ्याचे कठीण कवच आणि खाली मऊ चिकणमाती, ही आपल्या भूमीची फसवी रचना भूशास्त्राच्या पदवीधराला परिचित असते.

अशा पदवीधराचे पहिले काम बहुधा बोअरहोलवर असते: खडकाच्या नमुन्यांचे वर्णन, भेगांची व भूजलपातळीची नोंद आणि प्रमाणित प्रवेशन चाचणी. तीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पाडून, नमुनानळी शेवटचे ३० सेंटिमीटर शिरेपर्यंतचे ठोके मोजतात.

उणीव राहते ती गणित, बलविज्ञान आणि संरचनाशास्त्राची. भूतांत्रिक विषयातील एम.टेक.साठी बहुतेक संस्था स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मागतात. त्यामुळे एम.एस्सी.नंतर अभियांत्रिकी भूशास्त्राकडे वळणे हा अधिक सुकर मार्ग ठरतो. ‘गेट’मध्ये भूशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही असते. पायाचा आराखडा मात्र स्थापत्य अभियंताच करतो. म्हणून प्रवेशापूर्वी पात्रतेचे निकष तपासणे हिताचे.