एका होडीची दोन चित्रे

उत्तर इटलीतील पुसियानो सरोवराच्या परिसरात राहत असताना जोव्हान्नी सेगान्तीनी या तरुण चित्रकाराने १८८२ साली एक चित्र रंगविले. मेंढरांनी खच्चून भरलेली होडी पैलतीराकडे निघाली आहे, तीत उराशी मूल धरलेली स्त्री बसली आहे, आणि सायंप्रार्थनेच्या वेळी नावाड्याने वल्ही थांबविली आहेत, असा त्याचा विषय. पुढच्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. इतका मान मिळालेले चित्र चार वर्षांनी त्याच चित्रकाराने नव्याने रंगवावे, आणि इटलीतील विभाजनवादी चित्रकलेचा आरंभ त्या दुसऱ्या चित्रापासून मोजला जावा, ही कलेतिहासातील विचार करण्याजोगी घटना आहे.

सेगान्तीनीचा जन्म १८५८ साली ऑस्ट्रियन अंमलाखालील आर्को गावी झाला. बालपणीच पोरका झालेला हा मुलगा मिलानच्या सुधारगृहात काही काळ राहिला, ब्रेराच्या कलाशाळेत शिकला आणि ऑस्ट्रियाच्या दप्तरातून नाव गेले तरी इटलीच्या दप्तरी ते कधी चढले नाही, अशा अवस्थेत जन्मभर वावरला. त्याचा खरा आश्रयदाता चित्रांचा व्यापारी व्हित्तोरे ग्रुबिची. सेगान्तीनीची चित्रे विकण्याचा करार त्याच्याकडे होता. शिवाय नेदरलँड्समध्ये राहून तो स्वतःही कुंचला धरू लागला होता आणि युरोपातल्या नव्या कलाविचारांवर त्याची बारीक नजर असे. १८८६ साली सेगान्तीनी स्वित्झर्लंडमधील साव्होन्यीन या सुमारे बाराशे मीटर उंचीवरील गावी सहकुटुंब राहावयास गेला. त्या हिवाळ्यात ग्रुबिची तेथे पाहुणा म्हणून आला आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रलने १८३९ साली मांडलेल्या वर्णविरोधाच्या सिद्धान्तावर उभ्या राहिलेल्या नव्या पद्धतीने ते जुने चित्र पुन्हा रंगविण्याचा त्याने आग्रह धरला.

रंगफलकावर रंग एकमेकांत कालवले की त्यांचे तेज मंदावते. तेच रंग शुद्ध ठेवून शेजारी शेजारी मांडले, तर त्यांचा मिलाफ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होतो आणि प्रकाश टिकतो, हे त्या पद्धतीचे, म्हणजेच विभाजनवादाचे, तत्त्व. दुसऱ्या चित्रात क्षितिजाआड जाणाऱ्या सूर्याभोवती आकाश वर्तुळाकार पट्ट्यांनी भरून राहिले आहे आणि प्रत्येक पट्टा बारीक, वेगवेगळ्या रंगरेषांनी विणला आहे. विषय तोच, रचनाही बहुतांशी तीच. पालटला तो केवळ प्रकाश.

याच सुमारास पॅरिसमध्ये चित्रकार सरा ठिपक्यांनी रंगवीत होता. सेगान्तीनीने मात्र ठिपका न स्वीकारता लांब, धाग्यासारखा फटकारा पत्करला आणि फटकाऱ्यांमधल्या फटींत पूरक रंग भरण्याची रीत बसविली. ती मेंढीच्या लोकरीला, डोंगरावरच्या गवताला आणि बर्फाला अनुरूप ठरली. १८९१ साली ब्रेराच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्याचे ‘दोन माता’ आणि चित्रकार प्रेव्हियातीचे ‘मातृत्व’ ही चित्रे झळकली, तेव्हा ही व्यक्तिगत रीत चळवळ झाली. आणि १९१० साली इटलीतील भविष्यवादी चित्रकारांनी आपल्या चित्रविषयक जाहीरनाम्यात विभाजनवादावाचून चित्रकला असूच शकत नाही, असे बजावले.

शास्त्राने येथे कलावंताला विषय पुरविला नाही. जे त्याला आधीच दिसत होते, पण जुन्या रंगकामात अंधारून राहत होते, ते दाखविण्याचे साधन तेवढे दिले. तंत्रांतर सार्थ केव्हा ठरते, याची याहून चोख कसोटी सापडणे कठीण.