सोणाच्या वहाणा

मागच्या व्याख्यानानंतर एक तरुण श्रोता थांबला होता. स्पर्धा परीक्षेची त्याची तिसरी खेप. अभ्यासिकेत रोज दहा तास बसतो, पण दोन महिने झाले, पानं उलटतात आणि डोक्यात काही शिरत नाही, असं म्हणाला. मग स्वतःलाच शिव्या घालतो, दुसऱ्या दिवशी अकरा तास बसतो. त्याने विचारलं, इतिहासात यावर काही आहे का? आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर लक्षात आलं की प्रश्न अगदी योग्य होता, टाळाटाळ आमची होती. तेव्हा आज त्याचं उत्तर.

त्यासाठी आपल्याला प्राचीन मगधात, राजगृहाला जायचं आहे. म्हणजे आजच्या बिहारमधलं राजगीर. काळ बुद्धांचा. आधार पाली विनयपिटकातल्या महावग्गाचा. त्यातल्या पाचव्या प्रकरणाचा विषय आहे कातडं. भिक्खूंनी पायांत काय घालावं, कोणतं चामडं वापरावं, असे नियम त्यात आहेत. वरवर पाहिलं तर रुक्ष कायद्याचं पुस्तक. पण विनयाची एक छान पद्धत आहे. नियम सांगताना तो का करावा लागला, त्याची हकीकतही सांगायची. वहाणांच्या नियमामागे हकीकत आहे ती सोण कोळिविस नावाच्या तरुणाची.

सोण चंपानगरीचा, म्हणजे आजच्या भागलपूरजवळचा. बापाची संपत्ती गाड्या भरभरून सोनं मोजावं एवढी. पोरगा इतका नाजूक वाढलेला, की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते म्हणे. बिंबिसार राजाला ते पाय पाहायचे होते. त्याने बोलावणं धाडलं. आईवडिलांनी मुलाला बजावलं, राजाकडे पाय पसरू नकोस, मांडी घालून बस, तळवे आपोआप दिसतील. हे आम्हाला फार घरगुती वाटतं. पाहुण्यांकडे निघालेल्या मुलाला आपल्याकडची आई हेच सांगेल.

पुढे हा सोण बुद्धांचा उपदेश ऐकून भिक्खू झाला आणि राजगृहाजवळच्या शीतवनात राहू लागला. आता कालपर्यंतचा लाडावलेला मुलगा भिक्खू झाल्यावर काय करेल? इतरांपेक्षा जास्त करेल. तो अनवाणी चंक्रमण करायचा, म्हणजे ठरलेल्या वाटेवर येरझाऱ्या घालत ध्यान. इतकं, की तळपाय फुटले आणि ती वाट रक्ताने माखली. आणि मग एक दिवस सगळं थांबलं. त्याच्या मनात आलं: कष्ट करणाऱ्यांत मी कुणाला हार जाणारा नाही, तरी मन जिथल्या तिथेच आहे. घरी पैसा आहे. परत जावं, सुखाने राहावं, दानधर्म करावा.

इथे जरा थांबू. सोणाचा उत्साह आटला तो आळसामुळे नव्हे, अतिश्रमामुळे. आपण मात्र उत्साह आटला की लगेच आळसाचा आरोप ठेवतो, आणि तोही बहुतेक वेळा स्वतःवरच.

रक्ताची वाट पाहून बुद्धांनी ती कुणाची म्हणून चौकशी केली आणि सोणाकडे गेले. रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, तू घरी असताना वीणा चांगली वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागायचा का? फार सैल सोडल्या तर? नाही ना? मग प्रयत्नाचंही तसंच आहे. फार ताणला तर मन अस्वस्थ होतं, फार सैल सोडला तर सुस्त होतं.

ही वीणा आजच्या तंबोऱ्यासारखी किंवा सतारीसारखी नव्हती. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर जे धनुष्यासारखं वाकलेलं वाद्य घेऊन बसला आहे, ते त्याच घराण्यातलं. त्याला पडदे नाहीत, म्हणजे एकेका तारेचा ताण हाच तिचा सूर. हे पुस्तकातून कळत नाही, हाताला आणि कानाला कळतं. आणि सोणाला ते कळत होतं, कारण तो श्रीमंत घरात हौसेने वीणा शिकला होता. ज्या पूर्वायुष्याची त्याला बहुधा लाज वाटत होती, नेमकी तिथलीच विद्या त्याच्या कामी आली.

आता वहाणा. सोणाने प्रयत्नाचा ताण बेताचा केला आणि त्याची साधना पूर्णत्वाला गेली. नंतर बुद्ध त्याला म्हणाले, तू नाजूक आहेस, तुला एका तळाच्या वहाणा वापरायला परवानगी देतो. सोण नको म्हणाला. कारण? लोक म्हणतील, एवढं सोनं सोडून आला आणि वहाणांत अडकला. संघातल्या सगळ्यांना परवानगी असेल तर मीही घालीन. मग बुद्धांनी ती सगळ्यांनाच दिली. एका माणसाच्या फुटलेल्या पायांमुळे अख्ख्या संघाच्या पायांत वहाणा आल्या.

सगळं अक्षरशः असंच घडलं, असा आमचा दावा नाही. हे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेवले गेले आणि फार नंतर लिहिले गेले. पण संघाने ही गोष्ट जपली, आणि तीही नियमांच्या ग्रंथात, याला महत्त्व आहे. लोक काय म्हणतील म्हणून माणूस स्वतःवर दया करत नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सवलत एकट्याची ठेवली नाही. आणखी एक गोष्ट. उत्साहाने प्रयत्न करणाऱ्या भिक्खूंत अग्रगण्य कोण, तर पाली ग्रंथांतल्या शिष्यांच्या यादीत नाव येतं याच सोणाचं. ज्याला जरा सैल सोड म्हणून सांगावं लागलं, त्याचंच.

याचा अर्थ आळस चालतो असा नव्हे. सुस्तीला पालीत थीनमिद्ध म्हणतात आणि तो मनाच्या पाच अडथळ्यांपैकी एक मानला आहे. बुद्धांचे पट्टशिष्य मोग्गल्लान एकदा ध्यानात डुलक्या घेत होते. अंगुत्तरनिकायात त्यांना सांगितलेले उपाय आहेत. विचाराचा विषय बदल. पाठ केलेलं मोठ्याने म्हण. कानाच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ. डोळ्यांना पाणी लाव, वर तारे बघ. येरझाऱ्या घाल. एकाने नाही भागलं तर पुढचा. आणि कशानेच नाही भागलं तर? उजव्या कुशीवर झोप, मात्र उठायचं हे मनाशी धरून, आणि जाग आल्यावर लोळत पडू नकोस. यादीत झोपेलाही जागा आहे, आणि उठण्यालाही.

बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत गेलात तर भिक्खूंच्या खोल्यांमधले दगडी ओटे बघा, बाहेरची पाण्याची टाकी बघा. झोपायला ओटा, डोळ्यांवर मारायला पाणी. कातळ फोडून विहार कोरणाऱ्यांनी विश्रांतीची सोयही त्याच कातळात कोरून ठेवली.

तर त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं. दोन महिने झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर इतिहासाकडे येऊ नका, डॉक्टरांकडे जा. त्यात काही कमीपणा नाही. तसं नसेल, तर उद्या अकराव्या तासाला बसू नका. वाटेवर रक्त दिसतंय का तेवढं बघा. आणि तुमच्या शेजारच्या खुर्चीतला मुलगाही बहुधा अनवाणीच चालतो आहे. चहाला उठाल तेव्हा त्यालाही हाक मारा.