नळीतील लहर आणि कारागिराचे गणित

हुबळी हे कारागिरांचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात दक्षिण मराठा रेल्वेने येथे कारखाना उभारला आणि लोखंड कापणे, वळविणे व जोडणे ही विद्या शहराच्या अंगवळणी पडली. आज कमरीपेठेसारख्या जुन्या पेठेतून ऐन आरतीच्या वेळी एखादा तरुण कर्णकर्कश आवाज करीत मोटारसायकल नेतो, तेव्हा वडीलधारी मंडळी कानांवर हात ठेवतात आणि सारा दोष त्या घरगुती सायलेन्सरास देतात. त्यांचा त्रास खरा आहे. परंतु निदान अर्धवट आहे, असे आम्हांस वाटते. थोडक्या पैशांत हातांनी घडविलेल्या सायलेन्सरास एक मानाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात गोंगाटाला नव्हे, गणिताला स्थान आहे.

हा इतिहास मुख्यतः टू-स्ट्रोक इंजिनाचा. या इंजिनात जळालेला वायू बाहेर जाण्याचे दार आणि पेट्रोल व हवेचे ताजे मिश्रण आत येण्याचे दार काही काळ एकाच वेळी उघडी असतात. साहजिकच ताज्या मिश्रणाचा काही अंश न जळताच धुराबरोबर निघून जातो. पैसे मोजून घेतलेले इंधन असे वाया जाते आणि शक्तीही घटते. त्यावर उपाय सापडला तो नळीच्या आकारात.

देवळातील सनई सर्वांच्या परिचयाची आहे. तिची नळी पुढे रुंदावत जाते आणि शेवटी पितळी फूल असते. नळीच्या आकाराप्रमाणे आतील हवेच्या लहरी पुढे जातात, परततात आणि त्यांतून स्वर उभा राहतो. धुराच्या नळीतही तेच घडते. धुराचा दाब लहरीच्या रूपाने पुढे धावतो. नळी रुंदावते तेथून शोषणारी लहर परतते व उरलासुरला धूर ओढून घेते. पुढे नळी पुन्हा निमुळती होते तेथून दाबाची लहर परतते व बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत लोटते. मात्र ही दुसरी लहर दार मिटण्याच्या नेमक्या क्षणी पोहोचली पाहिजे.

हे तत्त्व शर्यतीच्या मैदानावर पूर्णत्वास नेण्याचे श्रेय पूर्व जर्मनीतील वाल्टर काडेन यांस जाते. त्सोपाऊ गावी पूर्वी डीकेडब्ल्यू या जगद्विख्यात कंपनीचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सत्तेने तेथील यंत्रसामग्री उचलून नेली. अशा ओस पडलेल्या जागी पुढे एमझेड या नावाने मोटारसायकली होऊ लागल्या, आणि १९५३ साली काडेन यांनी तेथील शर्यत विभाग हाती घेतला. धन अल्प, साहित्य दुर्मिळ. तथापि ऑसिलोस्कोपच्या साहाय्याने त्यांनी नळीतील लहरींचे मापन केले, त्या मापाने नळ्या घडविल्या, आणि १९६१ साली १२५ सीसीच्या इंजिनातून २५ अश्वशक्ती मिळविली. लिटरमागे २०० अश्वशक्ती हे प्रमाण त्या काळी अपूर्व होते.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात, स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी, त्यांचा अग्रणी स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला व जपानच्या सुझुकी कंपनीस मिळाला. १९६२ साली सुझुकीच्या गाडीवर त्याने ५० सीसी वर्गाचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. विद्या एका गरीब कारखान्याने कमावली आणि जयमाला दुसऱ्याच्या गळ्यात पडली. काडेन मात्र त्सोपाऊतच काम करीत राहिले.

पुढे ही विद्या सामान्य कारागिरांपर्यंत पोहोचली. १९७३ साली अमेरिकेतील गॉर्डन जेनिंग्ज यांनी टू-स्ट्रोक इंजिनावर एक पुस्तिका लिहून अशा नळीचे गणित खुले केले. ते कठीण नाही. इंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्यास शतांश सेकंद लागतो. धुराचे दार अर्धा फेरा उघडे असेल, तर लहरीस जाऊन येण्यास त्याच्या निम्मा वेळ मिळतो. तप्त धुरात लहरीचा वेग सेकंदास सुमारे ५०० मीटर धरला, तर तेवढ्यात ती अडीच मीटर चालेल; म्हणून परतीची जागा दारापासून सव्वा मीटरवर हवी.

घडविण्याचे कामही नरसाळे करणाऱ्या कारागिरास नवे नाही. एका तोंडाशी ४० व दुसऱ्याशी १०० मिलीमीटर व्यासाचा, ३०० मिलीमीटर तिरक्या लांबीचा तुकडा हवा असेल, तर पत्र्यावर ५०० व २०० मिलीमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे एकाच केंद्रातून काढावीत, त्यांतील ३६ अंशांचा पट्टा कापून वळवावा आणि सांधा जोडावा. साधा पोलादी पत्रा, कागदी नमुना आणि वेल्डिंग एवढ्यावर काम होते. खर्च थोडा, मोल आहे ते मापाचे.

आपल्या राज्यातही टू-स्ट्रोकचे युग होऊन गेले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६० च्या दशकाच्या आरंभापासून १९९६ पर्यंत जावा व येझदी गाड्या बनविल्या. १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० ही गाडीही १९९६ मध्येच बंद झाली. आज रस्त्यावर मुख्यत्वे फोर-स्ट्रोक गाड्या आहेत. त्यांच्या सायलेन्सरातील जाळी काढून टाकली की शक्ती वाढते, ही समजूत बहुधा फोल ठरते, कारण नळी, इंधन व इंजिन यांचा मेळ कारखान्यातच बसविलेला असतो. वाढतो तो केवळ आवाज. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेतील असे फेरफार रस्त्यावरील गाडीस मना करते.

तेव्हा आमची विनंती दोन्ही पक्षांस आहे. वडिलांनी तरुणाच्या हातातील हातोडी हिसकावू नये. तिच्याशेजारी फूटपट्टी व कंपास ठेवावा. जुनी टू-स्ट्रोक गाडी, बंदिस्त मैदान आणि कार्यशाळेतील जाणता मिस्त्री एवढे लाभले, तर शिकण्यास पुष्कळ आहे. आणि तरुणांनी ध्यानी घ्यावे की, काडेन यांनी नळी घडविली ती वाया जाणारे परत आणण्यासाठी. गल्लीतील माणसे दचकविण्यासाठी नव्हे. सनई करणारा व नळी करणारा, दोघेही हवेचेच कारागीर. माप चुकले की दोघांच्याही हाती गोंगाटच उरतो.